दुसऱ्या बोटाचा नियम

मी, शेवटी सही करणार, वय अडुसष्ट, बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराची विधवा, राहणार याच घराचा वरचा मजला, आज दोन मार्च रोजी सकाळचा चहा झाल्यावर हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. काल डॉक्टर येऊन माझी नाडी, डोळे आणि स्मरणशक्ती तपासून गेले. बुद्धी शाबूत असल्याचे त्यांनी लेखी दिले आहे. "काकू, संशय फार घेता, पण तो काही आजार नाही," असे ते जाता जाता जिन्यात म्हणाले. हे त्यांनी कागदावर घातलेले नाही, म्हणून मी घालते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणू पाहणारे आहेत. त्यांचा उल्लेख योग्य त्या कलमात येईल.

वकील म्हणाले होते, टाइप करून देतो. टाइप केलेल्या पानातले मधलेच एखादे वाक्य कोणी बदलले तर कळायचे कसे? माझे अक्षर शाळेतल्या सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून घडवलेले आहे. त्याची नक्कल करणे या घरात कोणालाही जमणार नाही.

कलम पहिले. वरचा मजला, गच्ची आणि जिन्याखालची जागा माझ्या मुलाला मिळावी. तो माझा एकुलता एक. स्वभावाने वाईट नाही, घाईचा आहे. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्याचे काम करतो, त्यामुळे जगात सगळीकडे चोर बसले आहेत असे त्याला वाटते. संशय त्याला माझ्याकडून आधीच मिळालेला आहे; तो वेगळा लिहून देण्याची गरज नाही.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते मुलगा आणि सून यांना निम्मे निम्मे. सुनेचे निम्मे तिच्या एकटीच्या नावावर. ती दवाखान्यात रक्त तपासते. कामापुरते बोलते. कमी बोलणाऱ्या माणसांवर माझी नजर जास्त असते, हे तिला ठाऊक आहे आणि म्हणून ती आणखी कमी बोलते. तरी निम्मे तिचे.

कलम तिसरे. अॅल्युमिनियमची घडीची शिडी माझ्या धाकट्या दिरांना मिळावी. ती गेली नऊ वर्षे त्यांच्याकडेच आहे. दर भेटीत ते म्हणतात, "वहिनी, शिडी आणून द्यायची राहिलीच बघा." आता राहू द्या. भावाची आठवण म्हणून त्यांना आणखीही एक वस्तू हवी आहे. ती मिळणार नाही. कलम सहावे पाहावे.

कलम चौथे. खालचा दुकानाचा गाळा, त्यातले कामाचे टेबल, शिकंजा, कानशी, तेलाच्या कुप्या आणि फळ्यांच्या भिंतीमागचे लाकडी कपाट शेजारच्या शिंप्याच्या मुलीला मिळावे. तिला आता मुलगी म्हणणे खरे तर हास्यास्पद आहे. तिची स्वतःची लेक अठरा वर्षांची आहे. वडिलांनंतर शिवणाचे दुकान तीच चालवते, पण जागा भाड्याची, आणि मालकाचा डोळा त्या जागेवर आहे.

या गाळ्यात मी लग्न होऊन आले तेव्हा वीस वर्षांची होते. बंदूक म्हटले की मला घाम फुटायचा. ह्यांनी मला पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवला. दुरुस्तीला बंदूक आली की गिऱ्हाइकाने कितीही शपथा घेतल्या तरी हे ती उघडत, काडतुसाच्या घरात करंगळी घालत आणि मोठ्याने म्हणत, "रिकामी." मग मी हातातले काम टाकून उठायचे, त्याच घरात माझी करंगळी घालायची आणि म्हणायचे, "रिकामी." दोन बोटे आत गेल्याशिवाय आणि दोन आवाज झाल्याशिवाय बंदूक टेबलावरच्या शिकंज्यात आवळली जात नसे. "माणूस एकटा असला की त्याचं बोट त्याला हवं तेच सांगतं," असे हे म्हणत. गिऱ्हाइके हसायची. एकदा एक फौजदार म्हणाला, "काय हो मिस्त्री, बायकोच्या परवानगीशिवाय गोळीसुद्धा सुटत नाही का?" हे म्हणाले, "नाही सुटत, म्हणून तर इतकी वर्षं सुखानं चाललंय."

त्या काळी माझ्या करंगळीला कायम मशीनच्या तेलाचा वास असे. आज कोणी सांगितले की स्वर्गात एक वास निवडता येतो, तर मी तोच मागेन.

ही शिंप्याची मुलगी सात वर्षांची असताना आमच्या दुकानात तिच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. तिने रायफलच्या नळीवर हात ठेवला आणि गोळी सुटली, असे पंचनाम्यात नोंदलेले आहे. उरलेल्या आठ बोटांनी ती आज या गल्लीतली सर्वांत सरळ शिवण घालते.

गाळा तिला का, असे घरात विचारले जाईल. विचारू नये.

कलम पाचवे. माझी शिवणाची पेटी, सर्व दोऱ्यांसह, नातीला मिळावी. ती सहा वर्षांची आहे. आम्ही तिला खारूताई म्हणतो, कारण ती कुठेही चढते आणि मिळेल ती वस्तू गालात नाही तर खिशात साठवते. या घरात माझा पूर्ण विश्वास असलेली व्यक्ती ती एकच.

कलम सहावे. ह्यांचे सहा घरांचे रिव्हॉल्व्हर, ज्याचा परवाना ह्यांच्यानंतर माझ्या नावावर झाला, ते माझ्या खोलीतल्या लोखंडी तिजोरीत फलाटीन कापडात गुंडाळून ठेवलेले आहे. सहा काडतुसे बिस्किटांच्या छोट्या डब्यात आहेत. डबाही त्याच तिजोरीत, खालच्या कप्प्यात. ह्यांच्या हयातीत काडतुसे वेगळ्या कुलुपात असत. ते कुलूप बिघडले आणि मी नवे आणले नाही.

कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान फुटल्यापासून मुलगा म्हणतो, "आई, ती वस्तू मला दे. उशाशी भरून ठेवतो. चोर आला तर तिजोरी उघडेपर्यंत थांबणार आहे का?" मी म्हणते, घरात लेकरू आहे. तो म्हणतो, "तिला बजावून ठेवलंय. हात लावायचा नाही म्हणजे नाही. इतकं सांगून लावलाच, तर मग चूक तिची."

हे वाक्य तो ज्या सहजतेने बोलतो ते ऐकून मी तिथून उठून जाते. का जाते, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

दीर म्हणतात, "वहिनी, माझ्याकडे द्या. मी नुसतं भिंतीवर लावीन, शोभेला." दिरांची तीन नातवंडे सुट्टीत त्यांच्याकडे असतात, आणि ती सारी भिंतीवर चढणारी.

म्हणून मी किल्ली लपवते आणि दर आठवड्याला तिची जागा बदलते. आधी ती पिठाच्या डब्यात होती. मग पडद्याच्या दुमडीत शिवून टाकली, मग जुन्या स्वेटरच्या बाहीत. शिवाय तिजोरीच्या मुठीपासून बिजागरीपर्यंत मी एक काळा दोरा बांधते. शाळेत शिवणाच्या तासाला एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. लांब व्हरांड्यात, फरशीला लावलेल्या मेणाच्या वासात, त्यांनी आम्हाला एक गाठ शिकवली होती: दोरा सुईभोवती तीन वेढे, मग डावीकडे ओढ. ती गाठ मी इतर कोणाच्या हातून पाहिलेली नाही.

गेल्या गुरुवारी दोरा जागच्या जागी होता. गाठ मात्र माझी नव्हती. ती होती दोन कानांची, बुटाच्या नाडीसारखी.

त्या आठवड्यात माझ्या खोलीत तीन माणसे येऊन गेली. मुलगा, बल्ब बदलायला. सून, औषध द्यायला. चांगली दहा मिनिटे होती, आणि गोळी गिळायला दहा मिनिटे लागत नाहीत. आणि दीर, जे मंगळवारी चहाला आले, "जरा पाठ टेकतो" म्हणून माझ्याच खोलीत आडवे झाले, आणि ज्यांना मी उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी अगदी तशीच दोन कानांची बांधताना पाहिले आहे. तिघांनाही मी आडून आडून विचारले. तिघेही एकाच सुरात "नाही बुवा" म्हणाले. तिघे एकाच सुरात बोलतात तेव्हा आधी काहीतरी ठरलेले असते.

सबब असे ठरवते की, माझ्यामागे रिव्हॉल्व्हर तिजोरीतच राहावे, किल्ली वकिलांकडे असावी आणि नात अठरा वर्षांची झाल्यावर मुलाने परवाना काढून ते घ्यावे. दिरांना तिजोरीपाशी पाठ टेकू देऊ नये.

येथे लिहिणे थांबले. पुढील मजकूर सात मार्चचा आहे.

काल दुपारी मी पलंगावर बसून नवा दोरा कापत होते. मुलगा कामावर, सून नुकतीच दवाखान्यातून आलेली. खारूताई जमिनीवर बाहुलीला नटवत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, तू गाठ उलटी का गं बांधतेस? मी नीट बांधून ठेवली होती."

मी विचारले, "कुठली गाठ, बाळा?"

"कपाटाची. लोखंडाच्या. आमच्या बाईंनी शिकवली ना, बुटाची. आधी दोन कान करायचे, मग एक कान बोगद्यातून काढायचा."

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. आवाज चढवायचा नाही, एवढे मला सुचले. "आणि किल्ली?"

ती हसली. इतकी खुशीत हसली की मला तिच्या पडलेल्या दाताची मोकळी जागा दिसली. "तू दर वेळी जागा बदलतेस! पिठातली सोप्पी होती. पडद्यातली कठीण, ती मी बोटांनी चाचपून शोधली. आजी, आता स्वेटरमध्ये आहे. जिंकले ना मी?"

तीन मोठ्या माणसांवर मी पहारा ठेवला होता. तो पहारा म्हणजे तिच्यासाठी लपंडाव होता, आणि राज्य माझ्यावर होते.

"आत काय पाहिलंस?"

"फडक्यात एक काळं आहे. ते जड आहे, त्यातून एक चाक बाहेर येतं. आणि बाहुलीची लिपस्टिक. सोनेरी, वर टोक असलेली. बाहुलीला लावून बघितली, पण रंगच उठत नाही. मग परत ठेवली."

मी सुनेला हाक मारली. माझ्या हाकेत काय होते कोण जाणे, ती ओले हात तसेच घेऊन धावत आली. खारूताईला आम्ही शेजारी शिंप्याच्या मुलीकडे पाठवले, बाहुलीला झगा शिवून घे म्हणून. मग मी स्वेटरच्या बाहीतून किल्ली काढली. सून बघत होती. "आई, किल्ली तिथे असते होय," एवढेच म्हणाली. तिला खरेच ठाऊक नव्हते. दहा मिनिटांचे मी नंतर विचारले. ती माझ्या औषधांच्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत वेळा लिहीत बसली होती. मला बारीक दिसत नाही म्हणून. पाकिटे माझ्या उशाशीच होती. मी पाहिली नव्हती.

रिव्हॉल्व्हर काढले, नळी भिंतीकडे केली, फिरणारे चाक बाहेर पाडले. चष्मा सापडत नव्हता. एकेका घरावर करंगळी फिरवली आणि म्हणाले, "रिकामी." हे गेल्यावर चार वर्षांनी तो शब्द तोंडून निघाला. सवयीने मी थांबले. दुसऱ्या आवाजाची वाट पाहत.

सुनेला म्हणाले, "आता तू. बोट घाल आणि म्हण."

तिने आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नव्हता. पण दिवसभर काचेच्या नळ्या हाताळणारी तिची बोटे स्थिर आहेत. एक, दोन, तीन, चार, पाच.

"आई, इथं बोट जात नाही."

सहाव्या घरात काडतूस होते. मी पाच घरांवरून बोट फिरवले होते आणि सहाही रिकामी म्हणाले होते. खारूताईने बाहुलीची लिपस्टिक परत ठेवली होती खरी. जिथे ती नेमकी बसते, तिथे. डबा उघडून काडतुसे मोजली. पाच.

सून जमिनीवर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. तो पितळी तुकडा काढून मी डब्यात टाकला. मग ती म्हणाली, "परत बघू या. तुम्ही आधी." मी सहा घरांत सहा वेळा करंगळी घातली. "रिकामी." तिनेही घातली. "रिकामी." तिचा आवाज मी प्रथमच इतका मोठा ऐकला. या ठिकाणी लिहून ठेवते की, कलम दुसऱ्यातील माझ्या नजरेविषयीचे वाक्य मी मागे घेते.

मुलगा संध्याकाळी आला. ऐकून आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "कुठंय ती? किती वेळा सांगितलं होतं हात लावायचा नाही! आज चांगली—"

"बस खाली," मी म्हणाले.

"आई, तू मध्ये पडू नकोस. चूक तिची आहे."

"तुला आठवतं, तू आठ वर्षांचा असताना दुकानात लपंडाव खेळत होतास? राज्य तुझ्यावर होतं."

तो उभाच राहिला. सून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

"कोणाला शोधत होतास?"

पंचेचाळीस वर्षांचा माझा मुलगा, खरे-खोटे दावे निवडण्याचा पगार घेणारा, खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, "आई, ती कपाटात होती ना गं? मला वाटायला लागलं होतं की मी तिला खरंच नळीपाशी पाहिलं."

"नव्हतं पाहिलंस. आम्ही तुला तसं म्हणायला लावलं. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ."

तो खारूताईला रागावला नाही. शेजारी गेला आणि तिला खांद्यावर बसवून घेऊन आला. शिवलेला झगा तिच्या हातात होता.

नऊ मार्च. आज सकाळी आम्ही तिघे रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे घेऊन परवाना कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, जमा करायचं असेल तर सोमवारी या, साहेब रजेवर आहेत." मी म्हणाले, "सोमवारपर्यंत ठेवू कुठे? तुमच्या जेवणाच्या डब्यात?" मुलगा म्हणाला, "पोच लेखी द्या, नाहीतर नकार लेखी द्या." विम्याची नोकरी प्रथमच घराच्या उपयोगी पडली. अर्ध्या तासात साहेबांच्या हाताखालचे अधिकारी बाहेर आले. त्यांनी चाक उघडले आणि नुसते डोळ्यांनी पाहिले. माझ्या सुनेने त्यांना बोट घालायला लावले.

जमा झालेली शस्त्रे तिथे मागच्या अंगणात करवतीने कापतात. मी थांबून पाहिले. ह्यांनी त्या नळीला वीस वर्षे तेल दिले होते. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. दोन तुकडे जमिनीवर पडले तेव्हा सुनेने माझा हात धरला.

सबब कलम सहावे पूर्णपणे रद्द. ती वस्तू आता नाही. दिरांना पाठ कुठेही टेकता येईल. त्यांच्या नाड्यांबद्दल मी जे लिहिले त्याची माफी मागते. शिडीबद्दल नाही.

कलम पहिल्याला एक अट जोडते. या घरात पुढे कोणी शस्त्र आणलेच, तर ते रिकामे ठेवावे, कुलपात ठेवावे, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत, आणि दोन्ही किल्ल्या जाणत्या माणसाच्या अंगावर असाव्यात, लपवलेल्या नव्हेत. लपवलेली वस्तू शोधणे हा मुलांचा उद्योग आहे आणि त्यात ती आपल्यापेक्षा हुशार असतात. मूल हात लावणारच. त्याने लावू नये ही जबाबदारी त्याची नाही.

बारा मार्च. कलम चौथ्यात एक वाक्य खोटे आहे. सिस्टर सांगत, कबुली द्यायची तर पूर्ण वाक्यात द्यावी आणि ते वाक्य "मी"ने सुरू करावे. तर तसे लिहिते.

मी त्या दिवशी जागेवरून उठले नाही. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. मी दुकानाच्या मागच्या भागात, शिवणयंत्रावर मुलाची चड्डी शिवत होते. एका बागवाल्याची रायफल आली होती. उडवलेले काडतूस ती बाहेर फेकत नाही, अशीच तक्रार होती. ह्यांनी ती उघडली. काडतूस बाहेर पडले नाही, म्हणजे आत नाही, असे त्यांना वाटले. जी बंदूक काडतूस बाहेर टाकत नाही म्हणूनच आली, तिच्याबद्दल. त्या दिवशी त्यांच्या करंगळीला कानस लागून पट्टी बांधलेली होती. त्यांनी बोट घातले नाही, पण म्हणाले, "रिकामी." आणि मी यंत्राचे चाक न थांबवता तिथूनच म्हणाले, "रिकामी."

ह्यांनी चाप ओढून पाहिला. नळीचे तोंड फळ्यांच्या भिंतीकडे होते. भिंतीमागे कपाट होते. कपाटात शिंप्याची मुलगी लपली होती आणि आतून दाराची कड घट्ट धरून बसली होती, माझ्या मुलाने ते उघडू नये म्हणून.

तिचे वडील तिला दवाखान्यात घेऊन धावले. हे कपाटासमोर गुडघ्यावर बसून होते. परवाना जाणार, दुकान बंद होणार, कदाचित तुरुंग. "तिचा हात नळीवर होता म्हणू या," हे कोणी सुचवले? इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आले की ह्यांनी. मी सुचवले. हे रडत होते. त्यांना बोलता येत नव्हते. पोलीस येईपर्यंत मी फरशी पुसली आणि गोळीची भोके दिसू नयेत म्हणून भिंतीवर आणि कपाटाच्या दारावर चादरी लटकवल्या. सात वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारले नाही. तिच्या वडिलांनी तिला आमच्यासमोर रागावले, "कशाला हात लावलास?" आणि तिने आमच्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

नंतर ह्यांनी भिंतीतल्या आणि दारातल्या त्या भोकांत लाकडाची बुचे ठोकून वर रंग दिला. भिंतीपाशी वाळूने भरलेली पेटी ठेवली आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक नळी त्या वाळूकडे केली. मी दुसऱ्या खोलीत असले तर हे बंदूक घेऊन माझ्यापर्यंत येत, माझी करंगळी स्वतःच्या हाताने धरत आणि आत घालत. आम्ही त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. ह्यांच्या हाताची ती पकड हेच आमचे बोलणे होते. ते वाईट माणूस नव्हते. मला ते अजून हवे आहेत. पण हे लिहायचे ते लिहिलेच पाहिजे.

चौदा मार्च. काल वरील पाने मी शिंप्याच्या मुलीला वाचायला दिली. ती माझ्या खोलीत खिडकीपाशी उभी राहून वाचत होती. दोनदा वाचले. मग खाली गाळ्यात गेली. मी कठडा धरत मागोमाग गेले. तिने कपाटाच्या डाव्या दारावरून हात फिरवला, बूच बरोबर सापडले, आणि त्यावर अंगठा दाबून ती उभी राहिली.

"काकू, मला वाटायचं मला वेड लागलंय," ती म्हणाली. "मला अंधार आठवायचा. लाकडाचा वास आठवायचा. आणि सगळे म्हणायचे मी बंदुकीशी खेळत होते. लग्नात सासूनं विचारलं, बोटं कशी गेली. मी म्हटलं, माझ्याच आगाऊपणानं. लेकीला काय सांगितलं ठाऊक आहे? 'माझ्यासारखी आगाऊ होऊ नकोस.'"

मी म्हणाले, "गाळा तुझा आहे. उद्या सह्या झाल्या की पक्का."

"सही कोण करणार? साक्षीदार म्हणून?"

"डॉक्टर, आणि वकील आणतील तो कोणीतरी."

"मी करणार."

मी तिला समजावले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीला सही केली, तर त्याचा वाटा जातो. वकिलांनी मला दोनदा बजावले होते. ती म्हणाली, "मग जाऊ दे गाळा. तेव्हा पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या, काकू. तुमची, काकांची, माझ्या बाबांची, समोरच्या पानवाल्याचीसुद्धा. माझा अंगठाही कोणी घेतला नव्हता. अंगठा तरी शाबूत होता की!"

ती हसली. मला हसता आले नाही. "भाड्याची जागा गेली तर काय करशील?"

"ते मी बघीन. सही सोडणार नाही."

तिने मला क्षमा केली का, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. जाताना म्हणाली, "वाळूची पेटी ठेवा हं तशीच. खारूताईला किल्ले करायला होईल."

सबब कलम चौथ्यात अशी दुरुस्ती करते की, गाळा आणि त्यातील सर्व वस्तू शिंप्याच्या मुलीच्या मुलीला मिळाव्यात. ती साक्षीदार नाही, आणि तिला देण्यास कायद्याची हरकत नाही, याची मी तीन वेळा खात्री करून घेतली आहे. एकदा या वकिलांकडून आणि दोनदा दुसऱ्यांकडून. कपाट विकू नये, रंगवू नये. त्या मुलीला तिच्या आईने कपाटाजवळ नेऊन खरे काय ते सांगावे. माझ्या नातीला ती दहा वर्षांची झाली की तिच्या वडिलांनी सांगावे. हे त्यांनी त्याच कपाटापाशी सांगावे, आणि आपला भागही सांगावा.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे. खाडाखोड आहे तिथे बाजूला सही केली आहे. सह्या करण्यापूर्वी मुलाने सर्व पाने मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग सुनेने पुन्हा वाचून दाखवली. दोन आवाज झाल्यावर मी सही करत आहे.

स्थळ : खालचा गाळा, कामाचे टेबल.
दिनांक : चौदा मार्च, सकाळी अकरा.

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार पहिला, डॉक्टर : बाई पूर्ण शुद्धीत असून त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरी, शिवणकाम, वय चव्वेचाळीस : काकूंनी माझ्यासमोर सही केली. मी कपाटात होते. मी हात लावला नव्हता. (सही)